पंच्याण्णव टक्के जोडणी

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारे लोक नोंदी ठेवत नाहीत आणि मग श्रेय भलतेच घेऊन जातात. ती चूक मी करणार नाही.

सकाळी मीटिंग. आमच्या संस्थेनं धारचं बंद पडलेलं डोळ्यांचं हॉस्पिटल मागच्या वर्षी चालवायला घेतलं. तिथलं ऑपरेशन थिएटर १२ डिसेंबरला सुरू होणार. पहिल्या दिवशी मोतीबिंदूचे अठरा पेशंट. तिरला, अमझेरा आणि धार शहर. सगळ्यांच्या तपासण्या आमच्या गाडीनं गावोगाव जाऊन केल्या, त्यामुळे सगळ्या नोंदी इथे देवासच्या सर्व्हरवर. त्या धारच्या कॉम्प्युटरवर दिसल्या पाहिजेत. एवढंच काम.

मॅनेजर भूपेंद्रजींनी विचारलं, मयुरेश भिया, कित्ता टाइम लगेगा? मी म्हणालो, दोन दिवस. त्यांनी वहीत दहा लिहिले. मी पाहिलं. माणसाची किंमत न कळणं हा मॅनेजर लोकांचा जुना आजार आहे.

संकल्प: दीड दिवसात संपवायचं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अठरांच्या यादीत आमची जयवंतीआत्या आहे. वडिलांची धाकटी बहीण. धारला एकटीच राहते. सिंचन खात्यात ट्रेसर होती, कालव्यांचे नकाशे काढायची. केसाएवढी बारीक रेघ काढणारी बाई, आता चहात साखरेच्या जागी मीठ घालते. डावा डोळा लहानपणी विटी लागून गेला. उजव्यात मोतीबिंदू. म्हणजे हिशेब एकाच डोळ्याचा आहे.

फोन करून सांगितलं की सगळी कॉम्प्युटरची जोडणी मी करतोय. तिनं विचारलं, जमेल ना तुला? मी हसलो. ती म्हणाली, बरं, मग मी सगळ्यांना सांगते भाचा करतोय म्हणून.

कामाला उद्यापासून सुरुवात. आज टेबल आवरलं. स्वच्छ टेबलाशिवाय स्वच्छ विचार होत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काल टेकडीवर जाऊन आलो. नवीन काम देवीला सांगून केलेलं बरं. त्यात दिवस गेला, पण तो मी धरत नाही.

आज पहिला प्रयत्न. धारच्या काउंटरवर उर्वशी लाड नावाची मुलगी बसते. वय सव्वीस. पेशंटची नावं लिहून घेते आणि कॉम्प्युटर सांभाळते, म्हणजे तिचा तसा समज आहे. फोनवर एकेक पायरी सांगितली. देवासपर्यंत लाइन नीट चालू. सर्व्हर सापडला. आणि मग संदेश: लॉगिन फेल. हे लॉगिन अविश्वासू डोमेनमधून आलेलं आहे.

दोष माझा नाही, इतिहासाचा आहे. देवासचं नेटवर्क, म्हणजे डोमेन, वेगळं; धारचं वेगळं. दोन्हीकडे आपापल्या लोकांच्या आयडींची आपापली यादी. देवासचा सर्व्हर फक्त देवासवाल्यांना ओळखतो. धारची उर्वशी त्याच्या दृष्टीनं रस्त्यावरची कोणीतरी.

मी रीस्टार्ट करायला सांगितलं. नऊ वेळा केलं. दहाव्या वेळी ती म्हणाली, "सर, तो धारच्या आयडीला पहचानतच नाही ना, मग सर्व्हरवरच आपल्यासाठी एक अलग आयडी-पासवर्ड बनवून टाकू का?"

मी शांतपणे समजावलं की असले जुगाड किराणा दुकानात चालतात. आपण दोन्ही डोमेनमध्ये रीतसर ट्रस्ट प्रस्थापित करणार आहोत. म्हणजे देवास आणि धार एकमेकांवर कायमचा विश्वास ठेवतील. ती जी सर म्हणाली. शिकेल हळूहळू.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रस्टसाठी धारच्या सर्व्हरचा मुख्य पासवर्ड लागतो. तो जुन्या व्यवस्थापनाच्या काळात चिंटू नावाच्या माणसानं ठेवला होता. चिंटूनं आता कॉम्प्युटर सोडलंय, लग्नांत ड्रोन उडवतो. फोन उचलला तेव्हा मागे ढोल वाजत होते. मी तीनदा ओरडून प्रश्न विचारला. तो म्हणाला, भिया, याद नी. मग म्हणाला, वरमाला हो री हे, बाद में.

हे असे लोक आणि त्यांच्या हाती डोमेन.

उर्वशीला मी चार पानी सूचना मराठीत लिहून पाठवल्या. मथळा: विश्वासबंध प्रस्थापनेची पूर्वतयारी. तिचा मेसेज आला, सर, मराठी बोलता येते पण वाचायला फार टाइम लागतो, व्हॉइस नोट पाठवाल का? घरी मराठी, शाळा हिंदीत, हे असं व्हायचंच. सतरा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. तिनं ऐकलेली दिसत नाही. दोन निळ्या खुणा आल्यात, पण त्यावर माझा भरवसा नाही.

१ डिसेंबर, सोमवार

शनिवार-रविवार विश्रांती. थकलेल्या मेंदूनं सर्व्हरला हात लावणं हा गुन्हा आहे.

आज एक व्हिडिओ पाहिला. बारा मिनिटांचा होता, मला चार तास लागले, कारण मी समजून पाहतो. मूळ सापडलं. दोन सर्व्हरच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर ते एकमेकांना ओळख देत नाहीत. उर्वशीकडून धारची वेळ मागवली. धारचं घड्याळ सव्वीस तास पुढे!

बायकोला, म्हणजे रुचीला, जेवताना सांगितलं की अर्धी लढाई जिंकलो. ती म्हणाली, मग धारचं घड्याळ मागे करून घे. बायकांना सगळं सोपं वाटतं. धारचं घड्याळ बदलायला तोच मुख्य पासवर्ड लागतो, जो चिंटूला याद नी. देवासचा पासवर्ड माझ्याकडे आहे. तेव्हा उत्तर उघड आहे.

उद्या देवास सव्वीस तास पुढे.

३ डिसेंबर, बुधवार

काल काही किरकोळ गोंधळ झाला त्याची नोंद, केवळ तटस्थपणा म्हणून.

सर्व्हरनं दिवस बुधवार धरला. त्यामुळे मंगळवारच्या अपॉइंटमेंट घेऊन आलेले सगळे पेशंट अनुपस्थित ठरले. एकशेचाळीस माणसं इथल्या हॉस्पिटलच्या हॉलमध्ये समोर बसलेली आणि स्क्रीनवर एकही हजर नाही. पीपलरावांहून आलेले एक आजोबा काउंटरवर हात आपटून म्हणाले म्हणे, मैं यां ऊबो हूँ, दिखूँ नी कईं? भूपेंद्रजी माझ्या खोलीत आले. नुसते उभे राहिले. मी घड्याळ परत मागे केलं.

दोन्ही घड्याळं जुळलेली असतानाही लॉगिन फेलच होतं. म्हणजे घड्याळाचा संबंध नव्हता हे सिद्ध झालं. शोधकार्यात नकारात्मक निष्कर्षालाही मोल असतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

प्रत्यक्ष धारला गेलो. इंदूरला बस बदलली. खिडकीची जागा मिळाली, पण ऊन माझ्याच बाजूला. धारला पोचायला साडेअकरा. संध्याकाळी परत येऊन हे लिहितोय.

मला एक युक्ती सुचली होती. काउंटरच्या कॉम्प्युटरलाच धारच्या डोमेनमधून बाहेर काढायचं आणि देवासच्या डोमेनमध्ये भरती करायचं. उर्वशी म्हणाली, सर, पहिले दुसऱ्या रिकाम्या कॉम्प्युटरवर करून पाहू का? मी म्हणालो, युद्धात तालीम नसते.

धारमधून बाहेर काढणं लगेच जमलं. देवासनं आत घेतलं नाही. धारमध्ये परत जायला चिंटूचा पासवर्ड. सध्या तो कॉम्प्युटर कुठलाच नाही. उर्वशीनं तिचा स्वतःचा लॅपटॉप आणून काउंटर चालू ठेवलं. मी तिचं कौतुक केलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

दुपारी आत्याकडे जेवलो. तिनं वरण, भात, मेथीची भाजी केली होती. वाढताना बोटानं ताटाची कड चाचपून मग पळी टेकवत होती. पाणी ओतायला तांब्या उचलला आणि धार पेल्याच्या बाहेर. मी हळूच पेला धारेखाली सरकवला. तिला कळलं नाही. म्हणाली, बघ, अजून अंदाज चुकत नाही माझा.

मग विचारलं, झालं का रे तुझं काम? मी सांगितलं, जवळजवळ.

बसमध्ये मेथीची चव येत राहिली. बाकी काही सुचलं नाही. ऊन लागलं असावं.

९ डिसेंबर, मंगळवार

भूपेंद्रजींनी विचारलं, कहाँ तक आया? मी म्हणालो, पंच्याण्णव टक्के पूर्ण. त्यांनी विचारलं, बाकी पाच टक्के काय? मी म्हणालो, जोडणी.

त्यांनी पाणी मागवलं आणि स्वतःच प्यायले.

११ डिसेंबर, गुरुवार

रुचीनं सकाळी सुचवलं की अठराच पेशंट आहेत, कागदावर छापून बसच्या कंडक्टरबरोबर पाठवून दे. मी तिला विचारलं की आपण कोणत्या शतकात आहोत. ती म्हणाली, ज्या शतकात उद्या आत्याचं ऑपरेशन आहे त्या.

मी डबा उचलला आणि निघालो. काही प्रश्नांची पातळी पाहावी लागते.

दिवसभर प्रयत्न केले. संदेश तोच. आता पाठ झालाय. उद्या सकाळी शांत डोक्यानं शेवटचा एक उपाय.

१२ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी साडेचार

नोंद सविस्तर करतो, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

शेवटचा उपाय चालला नाही. आठ वाजता उर्वशीचा फोन. पेशंट आलेत, उपाशी, डोळ्यांत थेंब घातलेत, हिरवे गाऊन घालून बसलेत. प्रत्येकाच्या डोळ्यात कुठल्या नंबरची लेन्स बसवायची ते आपल्या सर्व्हरवर आहे आणि तो उघडत नाही. भूपेंद्रजींनी माझ्यादेखत सांगितलं की स्क्रीनचे फोटो काढा आणि धारला पाठवा. या पद्धतीला माझा तात्त्विक विरोध होता. तो मी नोंदवला. मग फोटो काढले.

फोटोंमध्ये ट्यूबलाइट आली. हा ट्यूबलाइटचा दोष. सर्जन म्हणाले, आकडे फोनवर वाचून दाखवा. पहिलं नाव आत्याचं. मी ठणठणीत आवाजात वाचलं, अठरा. त्यांनी खात्रीसाठी पुन्हा विचारलं. मी पुन्हा पाहिलं, तर साडेएकवीस. अठरा खालच्या ओळीतल्या कोणा अमझेऱ्याच्या माणसाचे. मी लगेच दुरुस्ती केली. ताबडतोब. पण तिकडे सर्जन म्हणाले, "इनकी एक ही आँख है. मैं फोन पर सुनके हाथ नहीं लगाऊँगा."

भूपेंद्रजींनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. बाकी सतरांचे आकडे त्यांनी एकेक करून वाचले, दोन-दोनदा, बोट ठेवून. सतरांची ऑपरेशनं झाली. आत्याला पुढच्या शुक्रवारची तारीख दिली.

ती तीन वाजेपर्यंत तिथेच गाऊन घालून बसली होती. उर्वशीनं नंतर सांगितलं. आत्याला वाटत होतं, भाचा काहीतरी करेल.

लाइनवर खरखर होती. माझ्या मते सर्जनना नीट ऐकू आलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

आत्याला फोन. सांगितलं की लाइनच्या कंपनीचा घोळ. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला डॉक्टरांनी सांगितलंय, मयूर. तू जेवलास का?"

मी जेवलो होतो. तसं सांगितलं.

१५ डिसेंबर, सोमवार

नवा आठवडा, नवा जोम. संपूर्ण ट्रस्ट योजनेचा अकरा पानी प्रस्ताव भूपेंद्रजींना पाठवला. आकृत्यांसह. पाच मिनिटांत त्यांचा अंगठा आला. अकरा पानं पाच मिनिटांत वाचणाऱ्या माणसाला मी कमी लेखत होतो.

धारहून आज एकही फोन नाही. व्हॉइस नोटचा परिणाम.

१७ डिसेंबर, बुधवार

आजही फोन नाही. कालही नव्हता. धार अखेर स्वावलंबी होतंय.

सकाळी सर्व्हर उघडायला गेलो तर माझा पासवर्ड चालेना. सहा वेळा टाकला. भूपेंद्रजी म्हणाले, सिक्युरिटी कडक केली आहे, तुम्ही फिलहाल प्रिंटर बघा. मला आनंदच झाला. सुरक्षेकडे दुर्लक्ष होतंय असं मी प्रस्तावाच्या सातव्या पानावर लिहिलंच होतं. माझं ऐकलं जातंय.

प्रिंटर तीन आहेत. दोन चालू.

१९ डिसेंबर, शुक्रवार

रजा टाकून धारला आलोय. आत्याचं ऑपरेशन. सकाळी तिला रिक्षातून हॉस्पिटलला आणलं. पायरीपाशी तिनं माझं कोपर धरलं, घट्ट. हलकी आहे फार. पूर्वी हिनं मला पाठुंगळीवर घेऊन तळ्यापर्यंत नेलंय.

काउंटरवर उर्वशी. आत्याचं नाव टाकलं आणि तीन सेकंदांत देवासची सगळी नोंद समोर. उजवा डोळा, साडेएकवीस, शुगर, ब्लड प्रेशर, सगळं. मी स्क्रीनकडे पाहत राहिलो. विचारलं, हे कधीपासून?

ती म्हणाली, रविवारपासून. शुक्रवारी संध्याकाळी तिनं भूपेंद्रजींना फोन केला होता. रविवारी ते दोघं फोनवर बसले, चाळीस मिनिटं. सर्व्हरवरच धारसाठी एक वेगळा आयडी बनवला. त्याला फक्त नोंदी पाहायची परवानगी, बदलायची नाही. धारहून आयडी टाकला, पासवर्ड टाकला, उघडलं. काउंटरचा अनाथ कॉम्प्युटरसुद्धा चालला, कारण आता तो कुठल्या डोमेनचा आहे याच्याशी सर्व्हरला घेणंदेणं नव्हतं.

मी विचारलं, मग ट्रस्टचं काय?

तिला वाईट वाटत होतं असं दिसलं, आणि तेच मला आवडलं नाही. म्हणाली, "सर, त्याला आपल्यावर भरोसा ठेवायची गरजच नव्हती. त्याला फक्त पासवर्ड पाहिजे होता."

मी विचारलं की मला कोणी सांगितलं का नाही. ती म्हणाली, भूपेंद्र सर बोलले की आत्याचं होऊन जाऊ दे, तोपर्यंत कोणी काही सुधारणा करायला नको.

कोणी म्हणजे चिंटू असणार.

साडेअकराला आत्याला आत नेलं. बाराच्या आत बाहेर आणलं. डोळ्यावर पांढरी पट्टी. सर्जन म्हणाले, बढ़िया हुआ. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. धारला धूळ फार.

नोंदीसाठी: ही व्यवस्था तात्पुरती आहे.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी दहाला पट्टी काढली. नर्सनं समोर बोटं धरली. आत्यानं बोटं मोजली आणि वर सांगितलं की नेलपॉलिश खरवडलंय. सगळे हसले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, केस बरेच गेले की रे तुझे. मी म्हणालो, कामाचा ताण.

हॉलमध्ये आली. बाकावर गेल्या आठवड्याचे चारपाच पेशंट तपासणीला आलेले. आत्यानं सगळ्यांना ओळख करून दिली, हा माझा भाचा, यानं देवासहून सगळं जोडलं, म्हणून आपलं झालं. एका म्हाताऱ्यानं उठून मला हात जोडले. मी जोडू दिले.

समोर भिंतीवर नवीन बोर्ड लावलाय. हिंदीत. आत्या त्याच्यापुढे उभी राहिली आणि मोठ्यानं वाचायला लागली. एकेक अक्षर, चव घेतल्यासारखं. थिएटरच्या शुभारंभाबद्दल आभार. सर्जनचं नाव. नर्सेसची नावं. मग, देवास-धार कॉम्प्युटर जोडणी: कुमारी उर्वशी लाड, श्री भूपेंद्र.

थांबली. ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात.

"मयूर, तुझं नाव कुठं आहे रे?"

मी म्हणालो, असेल खाली, बारीक अक्षरात.

ती खाली वाकली. केसाएवढी रेघ पाहणारी बाई. तळापर्यंत नजर नेली.

"खाली लिहिलंय, चपला बाहेर काढा."

बाकावरचे सगळे माझ्या पायांकडे पाहायला लागले. मी बूट काढले.

डॉक्टरांना विचारून घेतलं. नवीन लेन्स बसवल्यावर नजर पूर्ण स्थिर व्हायला महिनाभर लागतो म्हणाले.